डायची अख्खी बाटली

आधी एक सांगून टाकते. मी सिस्टर नाही. आधी एक्स-रे आणि मग सीटी स्कॅन, अशी मिळून बत्तीस वर्षं परळच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात मी मशीन चालवलं. पण पांढरा कोट घातलेली बाई दिसली की लोकांच्या तोंडून 'ओ सिस्टर' हेच निघतं. सुरुवातीला मी प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "सिस्टर नाही, टेक्निशियन. सुनंदा कांबळे." पुढे पुढे सांगायचे, पण थांबवायचे नाही. रिटायर होताना साहेबांनी भाषणात 'आपल्या कांबळे सिस्टर' म्हटलं, तेव्हा मात्र हात टेकले.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिही म्हणून मैत्रिणीने पिच्छा पुरवला. गमतीजमती लिही म्हणाली. गमती आहेतच. पण लिहायला बसले तर पेन सारखं एकाच ठिकाणी अडायला लागलं. म्हटलं, मग तेच लिहू. नाहीतरी ते एकदा कागदावर यायलाच हवं होतं.

सीटी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. मोठं गोल मशीन, मधे भोक, त्यातून पेशंटचं टेबल आत-बाहेर सरकतं आणि शरीराचे पावाच्या स्लाइससारखे पातळ पातळ फोटो निघतात. आता रक्त काय, मांस काय, साध्या फोटोत सगळं करडंच. रक्तवाहिनी कुठे फाटली, गाठ कुठे आहे, ते धड कळत नाही. म्हणून हाताच्या शिरेतून आयोडीनचं औषध सोडतात. ते जिथे जिथे जाईल तिथे तिथे पांढरं दिसतं. आम्ही त्याला डाय म्हणतो. डाय अंगात शिरला की कान तापतात, घसा गरम होतो आणि खाली ओलं झाल्यासारखं वाटतं. मी आधी बजावून सांगायचे, तरी लोक घाबरायचेच. लालबागचा एक ढोल वाजवणारा गडी, दंड माझ्या मांडीएवढे, स्कॅन संपल्यावर उठून पँट चाचपत बसला. कोरडी निघाली तेव्हा मलाच वाकून नमस्कार केला.

तर आत गेलेला डाय बाहेर काढायचं काम किडनीचं. धडधाकट किडनी ते एका दिवसात उरकते. आधीच थकलेली असली तर तिच्यावर ताण येतो, आणि कधीकधी ती बसते. म्हणून स्कॅनच्या आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघायचा. रक्ताची साधी तपासणी असते ती. आकडा जास्त, तेवढी किडनी थकलेली. हा रिपोर्ट फाइलमध्ये शोधून बघणं, तो ठीक नसेल तर डॉक्टरांना सांगणं, हे काम टेक्निशियनचं. म्हणजे माझं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते, जी कुठल्याच पुस्तकात नाही. बाटली उघडली की संपवायची.

डायची बाटली शंभर मिलीची. नातेवाईक खालच्या मेडिकलमधून ती घेऊन यायचे, बिलासकट माझ्या हातात द्यायचे. पेशंट बारीकसा असला तर साठ मिलीत काम व्हायचं. पण उघडलेली बाटली दुसऱ्या पेशंटला चालत नाही, उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं. एवढं महागाचं औषध! आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत एका खोलीत आठ जण वाढलो. ताटात शीत राहिलं तर आई पाठीत धपाटा घालायची. माझ्या हाताला ओतून द्यायची सवयच नव्हती. त्यात आमचे जुने सर, फोटो वाचणारे डॉक्टर. फोटो जरा फिका आला की फिल्म टेबलावर आपटायचे, "कांबळे, हा फोटो आहे की धुकं?" डाय जास्त गेला म्हणून कोणी मला कधी बोललं नाही. कमी पडला म्हणून मात्र चारचौघांत पाणउतारा. मग काय, अख्खी बाटली. मी एकटी नाही, आम्ही सगळेच तसं करायचो. आणि त्यात आपण पेशंटचं भलं करतोय असंच वाटायचं, हे विशेष.

चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. माझगावच्या गावठाणातलं एक जोडपं आलं. पास्कल रॉड्रिग्ज आणि त्यांची बायको हिल्डा. पोटात दुखतंय, ताप उतरत नाही, म्हणून पोटाचा स्कॅन. हिल्डा आंटी वजनाने चाळीस-बेचाळीस किलो, डायबिटिस जुना. पास्कल अंकल रे रोडला लाकडाच्या वखारीत ओंडके मोजायच्या कामावर. कानावर पेन्सिल, खिशात मोजपट्टी, हॉस्पिटलात आले तरी. बाटली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "सिस्टर, अख्खी द्या हां. अर्धी ठेवून नाय द्यायची. माप पुरा पायजे."

मला रागच आला. म्हटलं, "अंकल, आम्ही काय घरी नेऊन सरबत करतो काय ह्याचं?"

ते हसले, मी हसले, आंटीही हसल्या. बाहेर बाकावर अकरा पेशंट खोळंबलेले. फाइल माझ्या हातात होती. फॉर्मवर क्रिएटिनिनचा रकाना होता. मी विचारलं, "किडनीचा काही त्रास?" अंकल म्हणाले, "नाय नाय." मी रकान्यात 'नॉर्मल' लिहिलं आणि अख्खी बाटली दिली. फोटो असा आला की सरांनी पहिल्यांदाच 'छान' म्हटलं.

तिसऱ्या दिवशी हिल्डा आंटींची लघवी बंद झाली.

वॉर्डबॉयकडून मला ते कळलं. जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात जाऊन फाइल उघडली. क्रिएटिनिनचा रिपोर्ट त्यातच होता, आदल्या संध्याकाळचा, औषधांच्या बिलांच्या मागे टाचलेला. आकडा वाढलेला. चार पानं उलटायचे कष्ट मी घेतले नव्हते. फाइल होती तशी ठेवली आणि परत कामावर आले. आंटींचं कितीदा तरी डायलिसिस झालं. जीव वाचला, पण किडनी अर्धीच परत आली. मला कोणी काही विचारलं नाही. मीही कोणाला काही सांगितलं नाही. जाताना अंकलनी मला केळ्याचे वेफर्स आणून दिले, "सिस्टर, तुमी चांगलं काम केलं" म्हणून. ते वेफर्स मी डब्यात ठेवले, कोणाला दिले नाहीत आणि खाल्लेही नाहीत.

खूप वर्षांनी एकदा मी आमच्या तरुण रेडिओलॉजिस्टना, डॉक्टर रेवतींना, नाव न घेता विचारलं होतं, की असं झालं तर ते डायमुळेच का? त्या म्हणाल्या, "छातीठोक कोणीच सांगू शकत नाही. ताप, इन्फेक्शन, डायबिटिस, कशानेही किडनी बसते. डायला आपण वाजवीपेक्षा जास्त घाबरतो असं आता म्हणतात." कोणाला ह्याने बरं वाटलं असतं. मला नाही वाटलं. कारण माझा प्रश्न डायचा नव्हताच. रिपोर्ट बघितला नाही, हा होता.

ह्या डॉक्टर रेवतींच्याच काळात नवीन मशीन आलं. जुनं मशीन क्ष-किरण सगळे एकाच गठ्ठ्यात मोजायचं. नवीन ते चाळून घेतं, पिठातला कोंडा वेगळा काढावा तसं. कमी ताकदीचे किरण वेगळे, जास्त ताकदीचे वेगळे. आयोडीन कमी ताकदीच्या किरणांत जास्त उजळ दिसतं. म्हणजे डाय थोडासाच दिला तरी नंतर कॉम्प्युटरवर तेवढाच थर उचलून बघायचा आणि चित्र लख्ख. जिथे ऐंशी-शंभर लागायचे तिथे तीस-चाळीस पुरे.

माझा विश्वास बसेना. कंपनीचा टायवाला मुलगा शिकवून गेला, मी मान डोलावली आणि त्याची पाठ वळल्यावर ठरलेल्या डोसवर दहा-पंधरा मिली वर टाकत राहिले. डॉक्टर रेवतींनी दोन महिन्यांनी पकडलं. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "कांबळे मॅडम, मशीन बदललं. आता हात बदला."

हात बदलणं काही सोपं नसतं हो. बत्तीस वर्षांचा हात.

मग गेल्या वर्षीची ती दुपार. जेवण उरकून मी डबा विसळत होते, तेवढ्यात इमर्जन्सीतून फोन आला. सत्तरीची बाई, सकाळपासून छातीत कळ, कळ पाठीत गेलेली, दोन हातांचं ब्लडप्रेशर वेगवेगळं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली असावी असा संशय. हे खरं असेल आणि हृदयाजवळ फाटलेली असेल तर तासाभराचाही भरवसा नसतो, लगेच ऑपरेशन. खाली असेल तर औषधांवर निभावतं. हे बघायला डाय पाहिजेच. आणि किडनी आधीच अर्धी.

स्ट्रेचर आत आलं. मागून काठी टेकत एक म्हातारा. कानावर पेन्सिल नव्हती, म्हणून मला एक क्षण लागला. त्यांना लागला नाही.

"सिस्टर," ते म्हणाले, "तुमीच होता ना तेव्हा?"

"हो अंकल."

ते संमतीच्या कागदावर सही करत होते. सही करून झाल्यावर म्हणाले, "ह्या टायमाला मी काय बोलनार नाय. माप तुमी ठरवा."

ह्या वेळी मी फाइलचं पान न् पान उलटलं. क्रिएटिनिन तीनदा वाचलं. डॉक्टर रेवती काचेपलीकडच्या कन्सोलच्या खोलीत माझ्याशेजारी येऊन बसल्या. "आधीसारखा फुल डोस गेला तर ही बाई कायमची डायलिसिसवर जाऊ शकते. तीस मिली द्यायचे, मॅडम. आणि एकदाच. फोटो फसला तर परत देता येणार नाही, किडनीला झेपणार नाही."

डाय सोडणाऱ्या इंजेक्टरवर आकडा भरायला गेले तर बोटांनी आपसूक पन्नास दाबलं. खरं सांगते, मी दाबलं नाही, बोटांनी दाबलं. पुसलं आणि तीस केलं. स्वतःलाच शिवी हासडली.

आंटींच्या शिरा दोऱ्यासारख्या. दुसऱ्या प्रयत्नात सुई लागली. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "आंटी, अंग गरम होईल. मी श्वास रोखा म्हटलं की रोखायचा. हलायचं नाही."

"तू बाहेर जानार?"

"काचेपलीकडेच आहे. तुम्हाला बघतेय."

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं ह्यावर होतं. डाय शिरेत सोडला की तो हृदयातून फिरून मोठ्या रक्तवाहिनीत पोचायला काही सेकंद लागतात. तो पोचला की नेमका तेव्हाच फोटो घ्यायचा. मशीन त्या वाहिनीतला उजेड मोजत राहतं, आम्ही भरून ठेवलेल्या आकड्यापर्यंत उजेड चढला की स्कॅन आपोआप सुरू होतो. डाय भरपूर असला तर थोडं मागेपुढे झालेलं चालतं. तीस मिली म्हणजे एक छोटीशी लाट. आली आणि गेली.

बटण दाबलं. स्क्रीनवर रेषा सपाट. दहा सेकंद. पंधरा. म्हातारं हृदय, दमानं ढकलत होतं. मग रेषा हलली. चाळीस. साठ. ऐंशी. पंच्याऐंशी. आणि माझी नजर कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेली. दीडशे. स्कॅन दीडशेला सुरू होणार होता.

तो जुन्या डोसचा आकडा होता. डोस मी कमी केला, आकडा कमी करायला विसरले. तीस मिलीने तिथपर्यंत रेषा जन्मात चढली नसती. मशीन वाट बघत बसलं असतं आणि लाट निघून गेली असती. नव्वद. ब्याण्णव. चढ मंदावत होता.

"मॅडम..." डॉक्टर रेवतींनाही दिसलं होतं.

विचारायला वेळ नव्हता. मी हाताने स्कॅन सुरू केला आणि माइकवर ओरडले, "आंटी, श्वास रोखा!"

टेबल सरकलं. चारपाच सेकंदांचा खेळ. मी स्वतःही श्वास रोखून बसले होते, तो सोडायचं भान राहिलं नाही.

फोटो स्क्रीनवर आले. फिके. करड्यावर थोडं कमी करडं. जुन्या सरांचा आवाज कानात वाजला, फोटो आहे की धुकं. मला वाटलं, संपलं. दुसऱ्यांदा ह्याच बाईला. दुसऱ्यांदा मीच.

डॉक्टर रेवती पुढे सरकल्या. माऊस घेतला आणि कमी ताकदीच्या किरणांचा थर खाली, आणखी खाली ओढत गेल्या. आणि ते धुकं उजळत गेलं. मोठी वाहिनी पांढरीधोप झाली, वरच्या कमानीपासून पोटापर्यंत. पाठीकडच्या भागात तिच्या मधोमध एक बारीक काळी रेघ. फाटलेला पदर तो.

"फाटलीय. पण खाली," त्या म्हणाल्या. "हृदयाकडचा भाग शाबूत आहे. ऑपरेशन नाही लागणार." मग माझ्याकडे वळल्या. "अजून दोन सेकंद थांबला असतात तर गेलं होतं. आकडा तुम्ही बदलला नव्हता."

"नव्हता."

"पण बघितलात."

इंजेक्टरखाली बाटलीत सत्तर मिली उरले होते. मी ते बेसिनमध्ये ओतले. ओतताना हात जड झाला नाही असं म्हणणार नाही.

पण माझं काम अजून संपलं नव्हतं. किडनी लगेच बसत नाही. दोन-तीन दिवस जातात. रोज सकाळी ड्यूटीआधी मी आयसीयूत जायचे, आंटींच्या खाटेला लटकवलेली लघवीची पिशवी बघायचे, नर्सला आकडा विचारायचे. नर्स वैतागली. "सिस्टर, तुमच्या कोण लागतात का?" पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी लघवी जरा कमी झाली, त्या दिवशी मला डबा गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी ड्यूटीच्या तासभर आधीच पोचले. तिसराच दिवस होता तेव्हाही.

पिशवी भरलेली होती. क्रिएटिनिन आंटी आल्या तेव्हा होतं तेवढंच. पॉइंटभरही वाढलं नव्हतं.

बाहेर बाकावर पास्कल अंकल बसले होते. बाजूला पाण्याची बाटली, तिच्यावर पेनाने मारलेल्या आडव्या रेघा. आंटींना दिवसाला किती पाणी, कुठल्या वेळेला किती, त्याच्या खुणा. इतकी वर्षं ते रोज अशा रेघा मारत होते. मी म्हटलं, "अंकल, किडनी ठीक आहे."

त्यांनी छातीवर क्रूस केला. मग खाली बघत म्हणाले, "सिस्टर, एक सांगतो. हिल्डालापन नाय सांगितलं. तेव्हा मीच बोललो तुमाला, अख्खी द्या, माप पुरा पायजे. वखारीत जिंदगी गेली माझी, कोनाला इंच कमी दिला नाय, कोनाकडून इंच कमी घेतला नाय. त्याच तोऱ्यात बोललो. बायकोची किडनी मी खाल्ली."

खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसले असते, खांद्यावर हात ठेवला असता, तरी भागलं असतं. म्हातारा माणूस, दोन महिन्यांवर माझी रिटायरमेंट. कोण विचारणार होतं?

"अंकल, तुमची चूक नव्हती," मी म्हटलं. "माझी होती."

आणि सगळं सांगितलं. फाइलमधला रिपोर्ट, न उलटलेली पानं, 'नॉर्मल' लिहिलेला रकाना.

त्यांनी पाण्याची बाटली उचलून मांडीवर घेतली. मग विचारलं, "किती पायजे होता तेव्हा?"

"साठ. रिपोर्ट बघितला असता तर तेवढाही नाही. आधी डॉक्टरांना विचारलं असतं."

"आनि मी बोललो नसतो तर?"

"तरी अख्खी दिली असती. रोज सगळ्यांना देत होते. तुमच्या बोलण्याने थेंबाचाही फरक पडला नाही."

त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं हा माणूस आता काठी उगारणार. उगारली असती तर मी हललेही नसते. पण ते एवढंच म्हणाले, "मला कशाला सांगता? जिची किडनी तिला सांगा."

मी आत गेले. आंटी उशीला टेकून बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, भरभर, धड्यासारखं, अंकल इतकी वर्षं स्वतःला दोष देत होते तेही. बसले असते तर सांगता आलं नसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या. चांगल्याच रागावल्या, मशीनवर नाडी वर गेलेली मला दिसली.

"तेव्हाच बोलायला काय झालं होतं तुला?"

"घाबरले, आंटी. नोकरी जाईल म्हणून."

"मला नसतं सांगितलं तर चाललं असतं. त्याला सांगायचं गं!" त्यांनी दाराकडे हात केला. "इतकी वर्षं तो माझ्याकडे बघून धड जेवला नाय. मला वाटायचं, मी आजारी म्हनून कंटाळला. जा. त्याला आत पाठव."

मी बाहेर आले. अंकल उभेच होते. "काय बोलली?"

"तुम्हाला बोलावलंय."

ते काठी न घेताच आत गेले. दाराच्या काचेतून दिसलं, आंटींनी खाटेवर जागा करून दिली आणि ते तिथे बसले. अंकलची मान खाली होती. आंटींनी त्यांच्या डोक्यात एक टप्पल मारली आणि मग तोच हात तिथेच ठेवला.

मी त्या बाकावर बसले, त्यांच्या काठीशेजारी, आणि ढसाढसा रडले. कोट घातलेला, भर सकाळी, सगळ्यांदेखत. फरशी पुसणारी मावशी पुसता पुसता थांबली.

"काय झालं सिस्टर? गेलं का कोण?"

"नाही गं बाई," मी म्हटलं, "कोणी गेलं नाही. आणि मी सिस्टर नाही. टेक्निशियन आहे."